उपसलेली सेप्टिक टाकी आठ दिवसांत पुन्हा का भरते? तारकर्ली-देवबागच्या वाळूपट्ट्यातील घरांसाठी

जूनच्या तिसऱ्या आठवड्यापासून गणपतीपर्यंत आमच्याकडे येणारी तक्रार जवळजवळ एकाच चालीची असते. न्हाणीघराची मोरी गुडगुडू लागते, संडासातले पाणी आधी सावकाश उतरते, मग उतरेनासेच होते आणि अंगणातल्या चेंबरच्या झाकणाभोवती ओल दिसू लागते. मैला उपसणारी गाडी बोलावली जाते, टाकी तळापर्यंत रिकामी होते, दोन दिवस घर सुरळीत चालते आणि आठवडा उलटायच्या आत टाकी पुन्हा काठोकाठ भरते. दिवाळीच्या सुमारास हा त्रास कुणी काहीही न करता थांबतो, त्यामुळे दुरुस्तीचा विषयही तिथेच थांबतो आणि पुढच्या मृगाला सगळे पहिल्यापासून सुरू होते.

हे लेखन मालवणच्या दांडी-वायरीपासून तारकर्ली व देवबागपर्यंतच्या वाळूच्या पट्ट्यासाठी आहे. जांभ्याच्या सड्यावर घर असेल तर तिथली टाकी वेगळ्या कारणांनी बिघडते, आणि इथला उपाय तिथे जसाच्या तसा लावू नये. वाळूतल्या घरांबाबत मात्र गेल्या अनेक पावसाळ्यांतल्या अनुभवावरून एक गोष्ट मी ठामपणे सांगू शकतो. पावसाळ्यात आठ दिवसांत भरणाऱ्या टाकीत जे भरलेले असते ते बहुतेक वेळा तुमचे सांडपाणी नसून जमिनीतले पाणी असते. ते उपसणे म्हणजे गाडीचे भाडे देऊन विहीर उपसण्यासारखे आहे. बिघाड टाकीत नसतो, शोषखड्ड्याच्या, म्हणजे टाकीतून बाहेर पडणारे पाणी जमिनीत मुरवणाऱ्या दगडांच्या खड्ड्याच्या, पातळीत असतो, आणि ती पातळी मोजल्याशिवाय केलेला कोणताही खर्च अंदाजपंचे ठरतो.

टाकीचे काम थोडक्यात लक्षात घेतले तर पुढचे सोपे जाईल. टाकीत जड मैला तळाशी बसतो, तेल-तूप आणि हलके पदार्थ वर सायीसारखे जमतात आणि मधले त्यातल्या त्यात निवळलेले पाणी इंग्रजी ‘टी’ अक्षराच्या आकाराच्या टी-पाइपमधून शोषखड्ड्याकडे जाते. टाकी नेहमी भरलेलीच असते आणि भरलेलीच असायला हवी, हे अनेकांना ठाऊक नसते. झाकण उघडून पाणी बाहेर जाणाऱ्या पाइपाच्या तळाशी दिसले तर टाकी निरोगी आहे. पाणी त्या पाइपाच्या वर चढले असेल तरच काहीतरी अडले आहे, आणि जे अडते ते जवळजवळ नेहमी पाइपाच्या पलीकडे असते.

आता जमीन पाहू. देवबाग म्हणजे एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्लीची खाडी यांच्यामधली वाळूची चिंचोळी जीभ आहे. तिच्यात मुरलेले पावसाचे गोडे पाणी हलके असल्यामुळे खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते आणि तेच आपल्या बावडीत, म्हणजे विहिरीत, येते. एप्रिल-मे महिन्यांत ही पातळी खाली असते, म्हणून त्या दिवसांत खणलेला सात-आठ फुटांचा शोषखड्डा कोरडा ठणठणीत दिसतो आणि गवंडी समाधानाने त्यात दगड भरतो. जुलैत तीच पातळी हात-दीड हातावर येते आणि अख्खा शोषखड्डा पाण्यात बुडतो. बुडालेला खड्डा काहीही शोषू शकत नाही. उलट पाइपामधून तोच पाणी टाकीकडे परत ढकलतो.

एक प्रसंग सांगतो. देवबागात खाडीच्या अंगाला एक निवास-न्याहारीचे घर आहे. मालक वयस्कर आहेत आणि त्या जुलैत त्यांनी गाडी चार वेळा बोलावली होती. मी पोहोचलो तेव्हा ते पडवीत बसून होते आणि पहिले वाक्य होते, ‘परवाच गाडी इली होती, आज बघतंय तर परत भरली.’ मी टाकीचे झाकण न उघडता आधी बावडीकडे गेलो, याचे त्यांना नवल वाटले. गवंडी लोक चौथऱ्याची पातळी लावायला वापरतात ती पारदर्शक नळी पाण्याने भरली, तिचे एक टोक बावडीच्या कठड्याला आणि दुसरे टाकीच्या झाकणाशी धरले आणि दोन्हीकडे खडूने एकाच पातळीच्या खुणा केल्या. मग त्या खुणांपासून खाली दोन्हीकडचे पाणी किती अंतरावर आहे ते काठी आणि टेपने मोजले. बावडीत ७१ सेंटिमीटर भरले आणि टाकीत ६९. दोन सेंटिमीटरचा फरक सोडला तर ती टाकी आणि ती बावडी मिळून एकच पाणवठा झाला होता. मालक काही बोलले नाहीत. त्यांनी बावडीवरची कळशी उचलून आत नेऊन ठेवली.

हीच पहिली चाचणी आहे. तिला पैसे लागत नाहीत आणि ती कोणालाही अर्ध्या तासात करता येते. टाकीतली आणि विहिरीतली पातळी चार-पाच सेंटिमीटरच्या फरकाने सारखी आली तर शोषखड्डा जमिनीच्या पाण्यात बुडालेला आहे, असे धरून पुढे जावे. टाकीची पातळी विहिरीपेक्षा चांगली फूटभर वर असेल तर खड्डा बुडालेला नाही, तो तुंबलेला आहे, आणि त्याची कारणे निराळी आहेत. ती पुढे येतील. टाकीतले पाणी विहिरीपेक्षा वर पण बाहेर जाणाऱ्या पाइपापेक्षा बरेच खाली असेल, तर आनंद मानू नये, कारण टाकीला तळाशी किंवा भिंतीला गळती आहे.

दुसरी चाचणी रात्रीची आहे. घरात पाहुणे नसतील असा दिवस निवडून रात्री दहा वाजता टाकीतली पातळी काठीवर खूण करून मोजावी, घरातला पाण्याचा मुख्य कॉक बंद करावा आणि पहाटे सहाला पुन्हा मोजावे. पाणी वापरलेच नसताना पातळी वाढली असेल तर ते पाणी बाहेरून आले. त्याच रात्री पाऊस पडला असेल तर पहिला संशय पागोळ्यांवर घ्यावा. अंगणात चिखल होऊ नये म्हणून पन्हळीचा पाइप जवळच्या चेंबरमध्ये सोडलेली घरे मी डझनाने पाहिली आहेत. १०० चौरस मीटर छपरावर एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस पडला तर १०,००० लिटर पाणी होते, आणि कोकणात जुलैमध्ये असा दिवस विरळा नसतो. दोन हजार लिटरच्या टाकीतून हे पाणी गेले की तळाचा मैला ढवळून थेट शोषखड्ड्यात उतरतो. पागोळ्यांचा पाइप तोडून वेगळ्या चरात सोडणे हा या सगळ्या प्रकरणातला सर्वांत स्वस्त उपाय आहे आणि तो आजच करता येतो.

पाऊस नसतानाही पातळी वाढली तर भरतीकडे पाहावे. खाडीच्या काठापासून जवळ असलेल्या घरांत अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला टाकी चढते आणि अष्टमीच्या भांगाला, म्हणजे लहान भरतीच्या दिवसांत, उतरते. ‘पंधरा दिवसांनी त्रास होतो, मग आपोआप बरे वाटते’ असे कोणी सांगितले की मी आधी पंचांग मागतो. पातळीची नोंद भरती-सुकतीच्या वेळांशी चार दिवस जुळवून पाहिली की शंका उरत नाही. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा हातातला टीडीएस मीटर असेल तर टाकीतल्या पाण्याचा खारेपणाही कळतो. घरात वापरतो त्या पाण्यापेक्षा टाकीतले पाणी थोडे अधिक क्षारयुक्त असणे स्वाभाविक आहे, पण ते अनेक पटींनी खारे असेल तर समुद्राचे पाणी टाकीपर्यंत पोहोचले आहे.

या तपासण्या करताना झाकण उघडून लगेच वाकून पाहू नये, जवळ विडी-काडी पेटवू नये, आणि कोणालाही, अगदी स्वतःहून तयार असलेल्या कामगारालाही, टाकीत उतरवू नये. आत हायड्रोजन सल्फाइड आणि मिथेन असतात. पहिल्या वायूचा सडक्या अंड्यासारखा वास जास्त प्रमाणात असताना येईनासा होतो, हीच त्यातली जीवघेणी गोष्ट आहे. सुरक्षा साधनांशिवाय माणसाला टाकीत उतरवणे हाताने मैला साफ करण्याविरुद्धच्या २०१३च्या कायद्याने गुन्हा आहे.

शोषखड्डा बुडालेला नसून तुंबलेला निघाला तर कारण बहुधा टाकीच्या मधल्या किंवा शेवटच्या टी-पाइपमध्ये सापडते. हा टी पाण्याच्या वर आणि खाली असा दोन्हीकडे असावा लागतो, म्हणजे वरची साय आणि खालचा गाळ दोन्ही मागे राहतात. तो तुटला किंवा बसवलाच नसला तर साय सरळ खड्ड्यात जाते आणि दगडांवर मेणासारखा थर धरते. खानावळ असलेल्या घरांत हा थर फार लवकर धरतो. सुरमई तळलेले तेल, सोलकढीची आणि तिवळाची भांडी धुतलेले पाणी, नारळाच्या रसाचा चिकटपणा, माशांची खवले हे सगळे एकाच मोरीतून टाकीत जाते. स्वयंपाकघराच्या पाण्यासाठी टाकीच्या आधी एक छोटे तेल अडवणारे चेंबर हवे आणि त्यातली साय दर आठवड्याला हाताने काढायला हवी. आठवड्याला म्हणजे आठवड्यालाच. महिन्यातून एकदा काढले जाणारे चेंबर नसल्यातच जमा असते.

तुंबण्याचे दुसरे कारण अतिभार आहे. सेप्टिक टाक्यांसाठीच्या भारतीय मानक २४७० प्रमाणे टाकीत किमान १००० लिटर पाणी मावले पाहिजे, रुंदी किमान ७५० मिलिमीटर आणि पाण्याची खोली किमान एक मीटर हवी, आणि आयताकृती टाकीची लांबी रुंदीच्या दुप्पट ते चौपट असावी. पाच माणसांच्या घराला अशी लहान टाकी चालून जाते. पण सिंधुदुर्ग १९९७मध्ये पर्यटन जिल्हा जाहीर झाला आणि त्यानंतर त्याच घरांवर वरचे मजले चढले, प्रत्येक खोलीला स्वतंत्र न्हाणीघर आले, आणि टाकी मात्र आजोबांच्या वेळचीच राहिली. २० पाहुण्यांनी माणशी १०० लिटर पाणी वापरले तर दिवसाला २००० लिटर होतात. एवढे पाणी १५०० लिटरच्या टाकीत एक दिवसही थांबत नाही, आणि समुद्रावरून आलेली वीस माणसे एकाच तासात अंघोळ करतात हे धरले तर त्या तासापुरती ती टाकी केवळ रुंद झालेला पाइप असते.

आता दुरुस्तीकडे वळतो, आणि आधी काय करू नये ते सांगतो, कारण नुकसान बहुधा तिथेच होते. जमिनीतले पाणी वर असताना टाकी तळापर्यंत कधीही उपसू नये. दोन मीटर लांब, एक मीटर रुंद आणि पाण्यात दीड मीटर बुडालेली रिकामी टाकी सुमारे तीन टनांच्या जोराने वर ढकलली जाते. प्लॅस्टिकची किंवा फायबरची टाकी असेल तर ती झाकणासकट अंगणात वर येते आणि जाताना दोन्ही पाइप तोडते. चिऱ्याची बांधलेली टाकी वर येत नाही, पण तिचा तळ फुटतो, आणि फुटलेला तळ वरून दिसत नाही. भर पावसात उपसणे भागच असेल तर वरची साय आणि तळाचा गाळ काढून निम्मे पाणी आत राहू द्यावे आणि गाडी जाताच साध्या पाण्याने टाकी भरून घ्यावी. पाणी परत भरायला सांगितले की गाडीवाल्यापासून शेजाऱ्यापर्यंत सगळे हसतात. हसू द्यावे.

बाजारात मिळणाऱ्या जिवाणूंच्या पुड्या या तक्रारीवर काही करत नाहीत. टाकीत जिवाणू आधीच भरपूर असतात आणि पुडीतले जिवाणू जमिनीच्या पाण्याची पातळी खाली नेऊ शकत नाहीत. ॲसिड आणि फिनेल यांचा सढळ वापर मात्र असलेले जिवाणू मारतो, म्हणून संडास धुवायला ते रोज वापरू नये. आणि सर्वांत वाईट उपाय, जो दुर्दैवाने सर्वांत जास्त चालतो, तो म्हणजे टाकीच्या वरच्या बाजूने एक पाइप काढून कुंपणाच्या पलीकडे व्हाळात (ओढ्यात), खाडीत किंवा माडांच्या आगरातून पुळणीकडे सोडणे. त्याने संडास उतरतो हे खरे आहे, पण पाणी शेजाऱ्याच्या बावडीकडे किंवा किनाऱ्याकडे जाते, आणि प्रक्रिया न केलेले सांडपाणी किनाऱ्यावर सोडायला सागरी किनारा नियमन क्षेत्राच्या (सीआरझेड) नियमांनी बंदी आहे.

खरी दुरुस्ती शोषखड्डा जमिनीत खाली नेण्याची नसून वर आणण्याची आहे, आणि हे पटायला लोकांना वेळ लागतो. मानक २४७०च्या दुसऱ्या भागात याचे स्पष्ट मार्गदर्शन आहे. जमिनीतले पाणी पृष्ठभागापासून १.८ मीटरच्या आत असेल तर खड्डा खणू नये आणि शोषचर, म्हणजे पाणी मुरवणारा लांब चर, अंशतः किंवा पूर्णपणे जमिनीच्या वर, उंचवट्यात बांधावा. आपल्या पट्ट्यात पावसाळ्यात पाणी १.८ मीटरच्या आत नसलेले घर मला अजून सापडलेले नाही. म्हणजे नियम पाळायचा ठरवला तर इथला जवळजवळ प्रत्येक शोषखड्डा चुकीचा आहे. त्याच मानकात पिण्याच्या पाण्याच्या साठ्यापासून १८ मीटरचे अंतरही सांगितले आहे, आणि दोन-दोन गुंठ्यांच्या आगरात, जिथे प्रत्येकाची स्वतःची बावडी आहे, तिथे ते पाळणे किती अवघड आहे हे टेप धरल्यावरच कळते. आपल्या बावडीपासून अंतर राखलेला खड्डा शेजाऱ्याच्या बावडीपासून सहा मीटरवर येतो.

उंचवट्याची रचना अशी असते. टाकीच्या पुढे एक छोटे पाणबंद चेंबर करून त्यात सांडपाण्याचा अर्ध्या अश्वशक्तीचा पंप फ्लोट स्विचसह (पाणी चढले की पंप आपोआप चालू करणारा तरंगता स्विच) बसवायचा आणि निवळलेले पाणी जमिनीच्या वर रचलेल्या स्वच्छ भरड वाळूच्या ढिगात भोके पाडलेल्या पाइपांमधून थोडे थोडे सोडायचे. पावसाळ्यातल्या पाण्याच्या पातळीच्या वर निदान दोन फूट कोरडी वाळू राहिली पाहिजे, कारण पाणी खऱ्या अर्थाने शुद्ध होते ते या हवा खेळणाऱ्या वाळूतच. एक चौरस मीटर क्षेत्राला दिवसाला ३० ते ४० लिटर पाणी हा हिशेब मी धरतो, त्यामुळे १००० लिटरसाठी सुमारे २५ ते ३३ चौरस मीटर जागा लागते. किनाऱ्यावरची वाळू त्यासाठी आणू नये. तिच्यात मीठ आणि शिंपल्यांचा चुरा असतो, आणि ती उचलणेही बेकायदा आहे.

एवढी जागा नसेल तर टाकीनंतर उलट्या प्रवाहाची गाळणी, म्हणजे खालून पाणी घेऊन खडीतून वर सोडणारा कप्पा, आणि त्यापुढे तळाला पाणबंद अस्तर असलेला खडीचा वाफा करता येतो. वाफ्यात कर्दळ चांगली येते. माणशी एक ते दोन चौरस मीटर वाफा धरावा, त्याच्या काठाची उंची जमिनीपेक्षा फूटभर वर ठेवावी म्हणजे अंगणातले पावसाचे पाणी आत येत नाही, आणि वाफ्यातून निघालेले पाणी माडांच्या आणि केळीच्या आळ्यात जमिनीखालून द्यावे. भाजीला देऊ नये.

वरचे काहीही करण्याआधी टाकी स्वतः पाणबंद आहे याची खात्री करावी लागते. आपल्याकडच्या कितीतरी जुन्या टाक्यांना तळच नसतो. चिऱ्याच्या चार भिंती वाळूवर उभ्या असतात आणि मालक अभिमानाने सांगतात, ‘वीस वर्षांत एकदाही उपसावी लागली नाही.’ वीस वर्षांत न भरलेली टाकी ही टाकी नव्हेच. तिच्यातला मैला न थांबता वाळूत उतरतो आहे आणि पावसाळ्यात तिच्यात पाणी वर चढणार हे ठरलेले आहे. अशा टाकीच्या आतून गिलावा करून भागत नाही, कारण बाहेरच्या पाण्याचा दाब तो गिलावा सोलून काढतो. एप्रिलमध्ये पाणी खाली असताना आरसीसीचा तळ आणि भिंती नव्याने ओताव्या लागतात, आणि टाकी रिकामी असताना तरंगू नये म्हणून तळाचा स्लॅब भिंतींच्या बाहेर फूटभर काढावा लागतो.

इथे मूळ तक्रारीच्या थोडे पुढे जातो, कारण टाकी तुंबणे ही मालकाची अडचण आहे, पण न तुंबणारी टाकी ही समुद्राची अडचण आहे. जुलैत आरडाओरडा होतो तेव्हा समुद्र खवळलेला असतो, व्हाळांना पूर असतो आणि जे काही वाहून जाते ते भरपूर पाण्यात मिसळते. माझ्या मते खरा धोका डिसेंबर ते मे या काळातला आहे. तेव्हा पाहुणे सर्वांत जास्त, समुद्र शांत, पाणी नितळ, आणि शोषखड्डा कोरडा असल्याने प्रत्येक टाकी ‘छान चालते’. वाळूतून पाणी झपाट्याने खाली जाते, आणि सेप्टिक टाकीने जवळजवळ न अडवलेले नत्र (नायट्रोजन) त्याच्याबरोबर जाते. हे नत्र वासाने कळत नाही आणि पाण्याचा रंगही बदलत नाही.

त्याचा अंदाज शेतकऱ्याच्या मापाने घेता येतो. एका माणसाच्या मलमूत्रातून दिवसाला साधारण १० ग्रॅम नत्र जाते. वीस पाहुणे शंभर दिवस राहिले तर २० किलो नत्र होते, आणि युरियाच्या ४५ किलोच्या एका गोणीत सुमारे तेवढेच नत्र असते. म्हणजे एक मध्यम निवासगृह एका हंगामात युरियाची एक गोणी वाळूत ओतते. सगळी गोणी समुद्रात पोहोचते असे नाही. काही भाग माडांची मुळे घेतात, काही वाळूतले जिवाणू हवेत सोडतात. पण अशी घरे किनाऱ्याने ओळीने उभी आहेत.

मालवणचे सागरी अभयारण्य १९८७मध्ये जाहीर झाले. त्याचे क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर असून सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगड यांच्या भोवतालचा भाग त्याच्या गाभ्यात येतो. इथले प्रवाळ अंदमान-लक्षद्वीपसारखे उंच फांद्यांचे नाहीत. पोरायटिस, फॅव्हायटिस यांसारखे खडकाला धरून वाढणारे, गढूळ पाणी सोसणारे हे प्रवाळ आधीच आपल्या सोशिकतेच्या काठावर जगतात. प्रवाळांच्या शरीरात राहणारी सूक्ष्म शैवले त्यांना अन्न पुरवतात आणि ही भागीदारी कमी नत्राच्या, उजेड खेळणाऱ्या पाण्यात टिकते. नत्र आणि स्फुरद वाढले की खडकावरचे मऊ शेवाळ प्रवाळापेक्षा वेगाने वाढून त्याला झाकते आणि नव्या प्रवाळाला चिकटायला जागा उरत नाही. समुद्राचे तापमान वाढून प्रवाळ पांढरे पडतात, ते थांबवणे देवबागच्या कोणाच्या हातात नाही. मात्र त्यातून सावरण्याच्या काळात त्यांच्यावर शेवाळाचे ओझे किती असावे, हे काही अंशी आपल्या टाक्यांवर अवलंबून आहे. सकाळी पाहुण्याला स्नॉर्केलिंगसाठी याच प्रवाळांवर नेले जाते आणि दुपारी त्याच्याच अंघोळीचे पाणी त्या दिशेने निघते, हे मी नळी-टेप घेऊन फिरताना विसरू शकत नाही.

नत्र कमी करायचे असेल तर नुसती टाकी पुरत नाही. वर सांगितलेला वाळूचा उंचवटा अमोनियाचे नायट्रेट करतो, पण नायट्रेट पाण्याबरोबर पुढे जातेच. उंचवट्यानंतर किंवा वाफ्यातून आलेले पाणी माडांच्या मुळांशी देणे, म्हणजे ते नत्र नारळाच्या रूपाने बाहेर काढणे, हा आपल्या आकाराच्या घरांना परवडणारा मार्ग आहे. पंचवीस-तीस खोल्यांच्या निवासगृहाने मात्र स्वतःचे सांडपाणी प्रक्रिया यंत्र बसवावे आणि ते चालवावे. बसवणे आणि चालवणे यांत फरक आहे, हे हवा सोडणाऱ्या ब्लोअरचा आवाज ऐकू येतो की नाही यावरून दारातच कळते.

उरतो तो गाडीतल्या मैल्याचा प्रश्न. तुमच्या टाकीतून काढलेला गाळ गाडी कुठे रिकामी करते, हे भाडे देताना विचारावे आणि पावतीवर लिहून घ्यावे. उत्तर ‘लांब सोडतो’ असे आले तर ते बहुधा एखाद्या व्हाळाच्या उगमाशी असते आणि तो व्हाळ आपल्याच खाडीला मिळतो. वाई आणि सिन्नर या नगरपालिकांनी तक्रार येण्याची वाट न पाहता ठरावीक वर्षांनी प्रत्येक घराची टाकी उपसण्याची पद्धत सुरू केली आणि त्या गाळावर प्रक्रियेची सोयही केली. आपल्याकडे तीन-चार ग्रामपंचायतींनी मिळून एक प्रक्रिया केंद्र उभारले तर गाडीवाल्यालाही जायला जागा मिळेल. तोपर्यंत टाकी दर दोन-तीन वर्षांनी, आणि गाळ व साय मिळून एक तृतीयांश खोली व्यापली असेल तरच, मार्च-एप्रिलमध्ये उपसावी. गाळ मोजायला लांब काठीच्या टोकाला पांढरा जुना टॉवेल गुंडाळून ती सावकाश तळापर्यंत नेतात आणि काही मिनिटांनी वर काढतात. टॉवेलवर काळा रंग जिथपर्यंत चढलेला दिसतो तेवढा गाळ.

देवबागच्या त्या घरात आम्ही पुढल्या एप्रिलमध्ये काम केले. जुनी टाकी तळासह पाणबंद केली, पागोळ्या वेगळ्या केल्या, स्वयंपाकघराला तेलाचे चेंबर दिले आणि खाडीकडची सुपारीची दोन झाडे वाचवत उंचवटा बांधला, जो मालकिणीला अजूनही आवडत नाही कारण त्यामुळे तुळशीचे वृंदावन रस्त्यावरून दिसत नाही. त्या जुलैत पहिल्या उधाणाला मी पुन्हा नळी घेऊन गेलो. बावडीचे पाणी खुणेपासून ६८ सेंटिमीटरवर होते, म्हणजे आदल्या वर्षीपेक्षा वरच. टाकीतले पाणी बाहेर जाणाऱ्या पाइपाच्या बरोबर तळाशी होते. ऑगस्टमध्ये पंपाचा फ्लोट स्विच अडकला आणि एक दिवस मोरी गुडगुडली. स्विचला खवल्यांचा गोळा चिकटलेला होता, म्हणजे तेलाचे चेंबर तीन आठवडे कोणी उघडलेच नव्हते. आता त्याच्या झाकणावर खडूने शेवटच्या सफाईची तारीख लिहितात.

तुमच्या घरी हाच त्रास असेल तर आत्ता गाडी बोलावण्याआधी नळी, टेप आणि खडू घेऊन दोन्ही पातळ्या मोजाव्यात, बावडीच्या आतल्या भिंतीवर रंगाने तारखेसह खूण करावी, आणि जवळच्या अमावास्येला व त्यापुढच्या अष्टमीला तेच पुन्हा करावे. या तिन्ही वेळचे आकडे, छप्पराचे माप, घरात एका वेळी राहणाऱ्या माणसांची सर्वाधिक संख्या आणि टाकीला तळ आहे की नाही, एवढे हाती असेल तर एप्रिलमध्ये नेमके काय बांधायचे ते ठरवायला घरी येण्याचीही गरज पडत नाही.